व्हर्नने कोणतं यंत्र घ्यावं

सॉल्ट फोर्क, मोंटाना
११ जानेवारी १९९७

प्रिय रूडी,

इथे उणे तीस आहे. काल दाराबाहेर थुंकलो, तर जमिनीवर पडेपर्यंत थुंकीचा खडा झाला. तू तिकडे युमाच्या उन्हात अर्ध्या चड्डीत बसला असशील आणि कोरीन तुला गार सरबत आणून देत असेल. देव तुझं भलं करो, पण फार नको.

फोन केला असता, पण गेल्या वेळी मी ‘बर्फ पडलाय’ म्हटलं, तर तू ‘कोण पडलं?’ करत दहा मिनिटं खाल्लीस. तीस वर्षं कानात बोळे न घालता बार काढलेस, भोग आता. त्यापेक्षा पत्र बरं. जन्मभर पोस्टमन म्हणून दुसऱ्यांची पत्रं वाटलीस, आता दोन स्वतःची वाच.

काम असं आहे. मला काडतुसं भरायचं नवं यंत्र घ्यायचंय. तळघरातलं ते जुनं लोखंडी धूड एका ओढीला एकच काम करतं. उडालेल्या काडतुसाच्या पुंगळीतली जळकी टोपी काढायला दांडा ओढा, बंदुकीची दारू वेगळी मोजून घाला, गोळी बसवायला परत दांडा ओढा. पन्नास काडतुसांत अख्खी दुपार जाते आणि माझी मनगटं दुखतात. मला ते फिरत्या तबकडीचं हवंय, ज्यात पाच पुंगळ्या पाच खणांत एकदम उभ्या असतात आणि प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस खाली पडतं. तू दोन्ही प्रकार वापरलेस. तबकडी हाताने फिरवायची असते ते घेऊ, की आपोआप फिरणारं?

बुधवारची हिवाळी नेमबाजी चालू आहे, नेहमीसारखी जुन्या धान्यगोदामाच्या तळघरात. यंदा माझा नेम बरा नाही. दोष पिस्तुलाचा आहे असं मी सगळ्यांना सांगतो.

आयडेला म्हणते, जुन्या यंत्राला काय झालंय? वीस वर्षं त्याला ‘ती तुझी कटकट’ म्हणायची, आता अचानक त्याची बाजू घेते. बायकोचं मन कळायला कुठलं यंत्र निघालं असेल तर तेही कळव.

तुझा,
व्हर्न


युमा, ॲरिझोना
२२ जानेवारी १९९७

प्रिय व्हर्न,

सरबत कसलं घेऊन बसलास! कोरीन मला रोज सकाळी म्हाताऱ्यांच्या पोहण्याच्या वर्गाला धाडते. गुडघाभर पाण्यात तीस टकली एकदम हात वर करतात. मला मास्तरीण काय ओरडते ते ऐकू येत नाही, म्हणून मी एकटा हात खाली करतो.

आपोआप फिरणारं घे. डोळे मिटून घे. हाताने फिरवायच्या यंत्रात एक गोची आहे. मधेच कोणी हाक मारली, तबकडी पुढे सरकवायची राहिली आणि दांडा पुन्हा ओढला, की त्याच पुंगळीत दुप्पट दारू. मग पिस्तूल हातात फुटतं. आपोआप फिरणाऱ्यात तसं होत नाही, मात्र दांडा अर्ध्यात सोडायचा नाही. आणि पाच खणांचंच घे, म्हणजे एका खणात दारूची पातळी तपासणारा खटका बसतो. दारू कमी-जास्त झाली की तो पीं करतो. मी तो ऐकू येत नाही म्हणून काढून टाकला होता. तुझे कान चांगले आहेत.

पण तुला एवढी घाई कसली? तूच म्हणायचास ना, की त्या तळघरात सावकाश एकेक काडतूस भरताना माझं डोकं शांत होतं म्हणून?

रूडी


सॉल्ट फोर्क
३० जानेवारी

प्रिय रूडी,

हे पत्र मी वाचनालयात बसून लिहिते आहे. व्हर्नला यातलं काही कळता कामा नये. तुझ्याशिवाय दुसरं कोणाला लिहू ते मला सुचत नाही.

त्याचं काहीतरी बिघडतंय. ऑक्टोबरात त्याने ट्रकचं तेल बदलायला काढलं. जुनं काढलं, नवं घालायचं विसरला आणि गाडी तशीच रस्त्यावर नेली. इंजिन जळालं. शाळेच्या बारा बसगाड्या ज्याने तीस वर्षं एकदाही रस्त्यात बंद पडू दिल्या नाहीत, तो हा माणूस. घरी आला आणि मलाच ओरडला, की तेलाचा डबा तू हलवलास. त्याआधी आमच्या लग्नाच्या चौतीस वर्षांत तो माझ्यावर ओरडला असेल तो दोनदा, आणि दोन्ही वेळा चूक माझी होती. आता रोज होतं. जेवण अर्धं टाकतो, पोटात दुखतं म्हणतो. एकच गोष्ट दोन-दोनदा सांगतो. मग माझ्या चेहऱ्याकडे बघतो आणि गप्प होतो. ओरडणं परवडलं, पण ते गप्प होणं मला बघवत नाही.

मागच्या बुधवारी त्याच्या एका काडतुसात दारूच नव्हती. गोळी नळीत अडकून बसली. त्याच्या ध्यानात आलं नाही, तो पुढचा बार काढणार, तेवढ्यात शेजारच्याने त्याचा हात धरला. हे मला त्याने सांगितलं नाही, किराणा दुकानात कळलं.

त्याची आई तुला आठवते ना, सिग्नी? शेवटी ती व्हर्नला दूधवाला समजायची आणि दाराशीच उभं करायची. तेव्हा ती त्रेसष्टची होती. व्हर्न आता एकसष्टचा आहे.

मी डॉक्टरचं नाव काढलं, तर तो दोन दिवस तळघरातून वर आला नाही. रूडी, त्याला ते भराभर चालणारं यंत्र घ्यायला सांगू नकोस. काहीही कारण दे. आणि मी लिहिलं हे सांगू नकोस, तुला शपथ आहे.

आयडेला


सॉल्ट फोर्क
४ फेब्रुवारी

प्रिय रूडी,

इथे उणे अठ्ठावीस आहे. परवा बाहेर थुंकलो, तर जमिनीवर पडेपर्यंत त्याचा खडा झाला! तुझ्या पोहण्याच्या वर्गाचं वाचून हसलो. हात खाली करणारा एकटा तू, हे अगदी बरोबर आहे, पोस्टातही तसंच होतं.

मी तुला एक विचारणार होतो. काडतुसं भरायचं नवं यंत्र घ्यायचंय, फिरत्या तबकडीचं. तू दोन्ही वापरलेस. हाताने फिरवायचं घेऊ, की आपोआप फिरणारं? जरा लवकर कळव. मला ते लवकर हवंय.

मनगटं फार दुखतात. कधी कधी हातातून पाना गळून पडतो.

व्हर्न


युमा
१४ फेब्रुवारी

प्रिय व्हर्न,

यंत्राचं म्हणशील, तर मी जरा विचार केला. आपोआप फिरणारं तितकंसं चांगलं नाही. त्यात फार बारीक भाग असतात, स्प्रिंगा तुटतात. हाताने फिरवायचंही चांगलं नाही, ते तर तुला माहीतच आहे. शिवाय मोंटानाच्या थंडीत वंगण गोठतं. काही जण म्हणतात, जुनंच सगळ्यात बरं. पुंगळ्या फळीवर ओळीने मांडायच्या, दिवा धरून प्रत्येकीत डोकवायचं. उन्हाळ्यापर्यंत थांब. तोवर बाजारात नवीन काही येईल.

कोरीन मजेत आहे. तिचा दमा इथल्या कोरड्या हवेत पुष्कळ कमी झालाय.

रूडी


सॉल्ट फोर्क
२३ फेब्रुवारी

रूडी,

तुझं जानेवारीतलं पत्र मी समोर ठेवलंय. त्यात लिहिलंयस, ‘आपोआप फिरणारं घे. डोळे मिटून घे.’ तुझं फेब्रुवारीचं पत्र शेजारी आहे. त्यात तेच यंत्र वाईट, दुसरंही वाईट आणि म्हणे वंगण गोठतं. माझ्या तळघरात घर तापवायची भट्टी आहे, लेका. तिथे लोणी वितळतं, वंगण कसलं गोठतंय?

दुसरं पत्र आलं तेव्हा आधी मला वाटलं, मीच चुकलो. वाटलं, पहिल्या पत्रात तू तसं लिहिलंच नव्हतंस, मी मनाने रचलं. तुला काय माहीत तसं वाटणं कसं असतं? मी घरभर ते पत्र शोधलं. मिठाच्या बरणीमागे सापडलं. तिथे कोणी ठेवलं ते विचारू नकोस. पण सापडलं, आणि अक्षर तुझंच आहे.

तेव्हा सांग, दोघांपैकी विसरतो कोण? की आयडेलाने तुला काही लिहिलंय? गावात हल्ली मी दिसलो की माणसं आवाज उतरवून बोलतात. त्यांचं मी समजू शकतो. पण तू मला खुळ्यासारखं खेळवशील असं वाटलं नव्हतं.

व्हर्न हॉफस्टॅड


युमा
३ मार्च

व्हर्न,

तू पत्राखाली पूर्ण नाव लिहिलंस. तीस वर्षांत पहिल्यांदा.

होय, आयडेलाने लिहिलं. कोणाला सांगू नकोस म्हणाली होती आणि मी तिचा शब्द मोडतो आहे. पण तुला आणखी एक थाप मारली असती, तर तू आणखी एक बरणी धुंडाळत बसला असतास. ते माझ्याच्याने व्हायचं नाही.

जानेवारीत तू मला यंत्राबद्दल विचारलंस. मी उत्तर दिलं. फेब्रुवारीत तू तेच पुन्हा विचारलंस, थुंकीच्या खड्यासकट. तिचं पत्र त्याआधी आलेलं होतं, पण मला पटलं ते तुझंच पत्र वाचून.

बुधवारच्या त्या अडकलेल्या गोळीबद्दल मला कळलंय. त्या दिवशी शेजारच्याने तुझा हात धरला. मी युमातून तुझा हात धरू शकत नाही. म्हणून सरळ सांगतो, तू डॉक्टरकडे जाऊन येईपर्यंत मी तुला कोणतंही यंत्र सुचवणार नाही, आणि जुन्यावरही तू बसू नयेस असं मला वाटतं. मला शिव्या दे. आयडेलाला देऊ नकोस. ती बाई वाचनालयात लपून पत्र लिहीत होती.

तुझा, अजूनही,
रूडी


सॉल्ट फोर्क
६ एप्रिल

प्रिय रूडी,

तू शब्द मोडलास. मी तुझ्यावर इतकी चिडले होते, की तुझी दोन पत्रं न उघडता ठेवून दिली. आज सगळं सांगायला बसले आहे, कारण आज माझा राग कुठे गेला ते मलाच सापडत नाही.

तुझं ते पत्र आल्यावर व्हर्नने माझ्याशी बोलणं सोडलं. ओरडणंही सोडलं. सकाळी खाली तळघरात जायचा तो जेवायलाच वर यायचा, आणि कधी तेवढ्यालाही नाही, मग मी सँडविच नेऊन ठेवायचे. त्या जुन्या पुंगळ्या चकचकीत करायच्या डब्याचा खडखडाट दिवसभर चालायचा. मार्चअखेरीस एक मोठं खोकं आलं. त्याने तुझ्यावरच्या रागाने ते हाताने फिरवायचं यंत्र मागवलं होतं. पण खोकं उघडलं नाही. मी खाली डोकावले, तर तो खोक्यावर बसून होता, दोन्ही हात मांड्यांमध्ये धरून.

मग आमचं मांजर आजारी पडलं. बिस्किट सहा वर्षांचा आहे, कधी शिंकला नव्हता. खाणं सोडलं, ओकायला लागला, आणि मंगळवारी चालता चालता मागचे पाय दुमडून पडला. मी त्याला टॉवेलात गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे नवीन डॉक्टरीण आली आहे, आमच्या लग्नाच्या वेळी जन्मलीही नसेल. तिने रक्त घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मला परत बोलावलं.

“तुमचं घर जुनं आहे का? भिंतींचा रंग सुटलाय?”

मी म्हटलं, “नाही, दोन वर्षांपूर्वीच दिलाय.”

“मांजर झोपतं कुठे?”

“तळघरात. भुशाच्या पोत्यावर.”

“कसला भुसा?”

मग मी सांगितलं, की माझा नवरा काडतुसं भरतो, वापरलेल्या पुंगळ्या अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात घालून डब्यात घुसळतो, म्हणजे त्या चमकतात. तो भुसा चाळतो आणि परत वापरतो. खूप धूळ उडते. म्हणून मी तळघराचं दार लावून घेते.

तिने हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाली, “मिसेस हॉफस्टॅड, तुमच्या मांजराच्या रक्तात शिसं आहे. पुष्कळ आहे. पुंगळ्यांच्या टोप्या जळतात तेव्हा त्यातलं शिसं त्या धुळीत उतरतं.” आणि मग तिने विचारलं, “घरात आणखी कोणाला बरं वाटत नाहीये का?”

मी तिला सगळं सांगितलं. पोट, मनगटं, ओरडणं, तेल. माणसाच्या डॉक्टरला सहा महिने सांगायचं होतं ते मांजराच्या डॉक्टरला सांगितलं. ती म्हणाली, “मी माणसांची डॉक्टर नाही, पण मी तुमच्या जागी असते तर त्यांना आत्ताच्या आत्ता न्यायची.”

घरी आले. तळघराच्या जिन्यावर उभं राहून म्हटलं, “व्हर्न, बिस्किटला शिशाची विषबाधा झाली आहे. तुझ्या भुशाने.” मग डब्याचा खडखडाट थांबला. तो जिन्याच्या पायथ्याशी आला आणि महिनाभरात पहिल्यांदा माझ्याशी बोलला. म्हणाला, “जगेल ना तो?”

परवा आम्ही बिलिंग्जच्या मोठ्या इस्पितळात जाऊन आलो. त्याचं रक्त घेतलं, माझंही. निकाल यायचा आहे. मी कधी नाही ते प्रार्थना करते आहे, की माझ्या नवऱ्याच्या अंगात विष निघावं. देव मला वेडी समजत असेल.

आयडेला


युमा
११ एप्रिल

आयडेला, हे कार्डच लिहितो, म्हणजे लवकर पोचेल. निकाल कळताच कोरीनला फोन कर, तिचे कान शाबूत आहेत. शब्द मोडल्याची माफी सावकाश मागीन. मांजराला माझा नमस्कार.
रूडी


सॉल्ट फोर्क
२ मे

प्रिय रूडी,

आयडेलाने कोरीनला सांगितलंय, तेव्हा तुला बातमी नवीन नाही. पण मला माझ्या हाताने लिहायची आहे.

शिसं! रक्तात चालतं त्याच्या पाचपट. डॉक्टरने कागद बघितला आणि विचारलं, “तुम्ही बॅटऱ्यांच्या कारखान्यात कामाला आहात का?” मी म्हटलं, नाही साहेब, मी निवृत्त माणूस, छंद करतो. मग त्याने एकेक करून विचारलं. भुसा कुठे चाळता? भट्टीच्या पंख्याशेजारी. नेमबाजी कुठे? खिडक्या नसलेल्या तळघरात, सगळा हिवाळा. जळक्या टोप्या कुठे पडतात? जमिनीवर, मी झाडूने गोळा करतो. आणि खाता कुठे? तिथेच, साहेब, त्याच टेबलावर, बायको सँडविच आणून देते. आयडेला शेजारी बसली होती, तिने माझा हात इतका दाबला, की हाड मोडतं की काय वाटलं. तिचं रक्त जवळजवळ ठीक आहे. मांजर वाचलं. माझ्यासारखंच गोळ्या घेताना चावतं.

डॉक्टर म्हणतो, धूळ बंद झाली की हळूहळू सगळं उतरेल. विसरणं, चिडणं, मनगटं, सगळं त्याचंच. थोडंसं मागे राहिलं तर राहील, पण पुढे जाणार नाही. मी त्याला तीनदा विचारलं, “पुढे जाणार नाही ना?” तो म्हणाला, तुम्ही हे आधी विचारलंत. मी म्हटलं, माहीत आहे, यावेळी मुद्दाम विचारतोय.

माझ्या डोक्यात सिग्नी नाही, रूडी. शिसं आहे. शिसं निघून जातं.

आता तुला सांगतो. मला ते यंत्र वेगासाठी नको होतं. मनगटांसाठीही नव्हतं. डिसेंबरात मी पन्नास पुंगळ्या फळीवर मांडल्या, दारू घालायला लागलो, आणि मधेच मला कळेना, की यातल्या किती झाल्या. दिवा धरून आत बघितलं, तरी बघितलेलं पुढच्या पुंगळीपर्यंत टिकेना. मी ती सगळी दारू परत ओतली आणि पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. मला वाटलं, एखादं यंत्र असेल जे स्वतःच लक्षात ठेवील, मी फक्त दांडा ओढायचा. म्हणून आपोआप फिरणारं विचारत होतो. तुला हे लिहिता आलं नाही. पत्रात काय काय लिहिता येत नाही ते पोस्टमन म्हणून तुला माहीत असेल.

आणि रागाने मागवलं ते नेमकं हाताने फिरवायचं! खोकं उघडलं असतं तर माझ्या हातून काय झालं असतं ते मला कळत होतं. म्हणूनच त्याच्यावर बसून राहिलो. काल परत पाठवलं.

तुला जे बोललो ते शिशाने बोललो असं डॉक्टरकडून लिहून आणू का? की तसंच सोडून देशील?

तुझा,
व्हर्न


युमा
१२ मे

प्रिय व्हर्न,

तू मला बोललास ते बरोबर बोललास. ते वंगण गोठण्याचं मला स्वतःलाच पटलं नव्हतं. ते सोड.

आयडेलाचा फोन आला तेव्हा मी दाराशी होतो. कोरीन फोन ठेवून माझ्याकडे आली आणि तोंडाने काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. मी तिचा चेहरा बघितला, ती रडत होती, तर मला वाटलं, संपलं. मी खुर्चीत बसलो. मग तिने पाकिटाच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘शिसं. बरा होणार.’ मी इतक्या मोठ्याने ओरडलो, की शेजारचा फ्लॉइड काठी घेऊन धावत आला.

आता यंत्र. नीट वाच, हे माझं खरं मत आहे आणि यावेळी ते बदलणार नाही.

आपोआप फिरणारं, पाच खणांचं, पातळीच्या खटक्यासकट. पण एक गोष्ट मी जानेवारीत सांगितली नव्हती, कारण मला ती महत्त्वाची वाटली नव्हती. जळक्या टोप्या उघड्या तबकात पाडणारं घेऊ नकोस. नळीतून थेट बंद बाटलीत सोडणारं घे. बाटली भरली की झाकण लावून बाहेर. दुकानदार तुला रंग दाखवेल, वेग सांगेल, तू फक्त ती नळी दाखव म्हण. भुसा आणि तो डबा फेकून दे, पुंगळ्या साबणाच्या पाण्यात धू. तळघर नको, बाहेरच्या शेडमध्ये खिडकीजवळ बसव. तिथे खायचं नाही, कॉफीसुद्धा नाही. आणि डॉक्टर ‘आता बसा’ म्हणेपर्यंत दांड्याला हात नाही.

थांबायला सांगतोय म्हणून चिडू नकोस. यावेळी थांबल्यावर काहीतरी हाती लागणार आहे.

तुझा,
रूडी


सॉल्ट फोर्क
२४ ऑगस्ट

प्रिय रूडी,

परवा बिलिंग्जला गेलो होतो. आकडा निम्म्याहून खाली आलाय. डॉक्टर म्हणाला, आता दांडा ओढा, पण हात धुवा, आणि हिवाळ्यात त्या गोदामाच्या तळघरात पाऊल टाकू नका. तिथे आता मोठे पंखे बसवताहेत. आमच्यातल्या आणखी तिघांची रक्तं तपासली, दोघांची वाईट निघाली. एकाला वाटत होतं की त्याला संधिवात आहे.

यंत्र शेडमध्ये बसवलं. दुकानदाराला म्हटलं, नळी दाखवा. तो म्हणाला, आजवर ते कोणी आधी विचारलं नाही. पहिल्या दिवशी मी फक्त वीस काडतुसं केली आणि वीसच्या वीस मला आठवत होती. मधे एकदा खटक्याने पीं केलं. एका पुंगळीत दारू थोडी कमी होती. मी ती बाजूला काढली आणि यंत्राला ‘आभारी आहे’ म्हटलं. शेडच्या दारात आयडेला उभी होती ते मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, “मला कधी म्हणाला नाहीस ते!” मग तिलाही म्हटलं.

बिलिंग्जहून येताना वाटेत ॲपल पाय खायला थांबलो. ताटल्या समोर आल्या आणि मी तिला विचारलं, की हिवाळाभर तुला काय वाटत होतं, खरं सांग. ती म्हणाली, “मी शिकत होते.”

“काय शिकत होतीस?”

“सगळं. तू तळघरात असायचास तेव्हा मी पलीकडच्या लायलकडे जायचे. त्याने मला बर्फ काढायचं यंत्र सुरू करायला शिकवलं. भट्टीची जाळी बदलायला, पाइप गोठले तर काय करायचं, ट्रकच्या चाकांना बर्फासाठी साखळ्या कशा चढवायच्या. मला वाटलं, पुढच्या हिवाळ्यात तू इथे असशील आणि नसशीलही, तेव्हा हे मला यायला हवं. लायलच्या गोठ्यात मी एकदा रडलेसुद्धा, पण त्या यंत्राचा आवाज इतका असतो, की त्याला कळलं नाही.”

रूडी, मी तळघरातून वर ओरडत होतो तेव्हा ही बाई माझ्याशिवाय जगायची तयारी करत होती, आणि तीही मला सोडून नव्हे, माझ्यासकट. मी म्हटलं, “आता मी बरा होतोय. ती सगळी कामं मला परत दे.”

तिने माझी ताटली आपल्याकडे ओढली.

“जाळी देते, साखळ्या देते,” म्हणाली. “बर्फ मात्र मीच काढणार. मला ते जाम आवडायला लागलंय. तेवढा वेळ तू भांडी घासत जा.”

घरी येऊन मी भांडी घासली. बाहेर अजून ऑगस्टचं ऊन आहे, गहू कापायचा आहे. पण म्हटलं, सराव असलेला बरा.

तुझा,
व्हर्न